कळ आणि दुखणं

साल एकोणीसशे एकोणऐंशी. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी कुबड्या आणि मोडक्या चाकाच्या खुर्च्या कोंबून ठेवत, तिथे सुया टोचणाऱ्या डॉक्टरांची खोली सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती ठेवायची की बंद करायची, याचा निकाल लावायचं काम त्या वर्षी काबाईच्या गळ्यात पडलं.

काबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी ती ज्यात त्यात 'का' विचारायची. मांजर का गुरगुरतं, साबण का घसरतो, आजोबांच्या कानात केस का उगवतात. आत्याने वैतागून एकदा काबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागली, तेव्हा विद्यार्थ्यांनाही कुठून तरी सुगावा लागला. समोर मॅडम, पाठ वळली की काबाई.

सुयांचे डॉक्टर रीतसर पदवीवालेच होते. मग परदेशी जाऊन वर्षभर ही विद्या शिकून आले. इस्पितळात त्यांना सगळे टाचणीबुवा म्हणत, आणि त्यांच्या कानावर गेलं तरी ते नुसते हसत. अबोल माणूस, हाताला कायम स्पिरिटचा वास. त्यांच्या खोलीसमोर मात्र बाकावर जागा मिळत नसे, आणि नेमकं हेच इस्पितळाच्या प्रमुखांच्या डोळ्यांवर आलं होतं. प्रमुख म्हणजे मोठे सर. ते शल्यचिकित्सक, कापून बाहेर काढता येईल तेवढ्यावरच त्यांचा भरवसा. त्यांना ती खोली प्लास्टर घालण्यासाठी हवी होती. त्यांनी काबाईला बोलावून सांगितलं की लोकांना बरं वाटतं हे त्यांनाही दिसतं, पण बरं सुईने वाटतं की सुईवरच्या विश्वासाने, एवढं तिने शोधून द्यावं.

"आणि उत्तर एका ओळीत हवं," ते म्हणाले. "तुम्ही लोक निबंध लिहिता."

काबाईला तर आयतं कोलीत मिळालं. पहिल्याच दिवशी ती टाचणीबुवांपुढे स्वतःचा हात पसरून बसली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात त्यांनी केसाएवढी बारीक सुई घातली. दुखलं असं नाही. पण त्यांनी ती दोन बोटांत धरून फिरवायला सुरुवात केली तसा हात जडावला, मुंग्या मनगटापर्यंत चढल्या. मग त्यांनी सुई हलकेच वर ओढली, तर ती निघेना. कातडी तिच्याबरोबर तंबूसारखी वर उचलली गेली.

"धरून ठेवते," टाचणीबुवा म्हणाले. "धरली की समजायचं, लागू पडली."

"कोण धरतं? का धरतं?"

त्यांनी खांदे उडवले. तसं शिकवलं होतं, तसं ते करत होते.

काबाई तशीच उठून प्रयोगशाळेत गेली. विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी आणलेल्या सशाच्या कातडीचा आतल्या पांढऱ्या पडद्यासकट एक तुकडा तिने घेतला, त्यात सुई खुपसली, फिरवली, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत पांढरे तंतूच तंतू होते, आणि ते सुईभोवती असे गुंडाळले होते जसा रिळावर दोरा. सुई आणखी फिरवली की लांबचे तंतूही ताणून जवळ येत. टोचलं इवल्याशा जागी, पण ओढ बसली ती आसपासच्या सगळ्या भागाला. तिथल्या मज्जातंतूंना ती ओढ कळणारच. ती दुपारभर तिथेच बसली आणि जेवणाचा डबा न उघडता घरी घेऊन आली. नवऱ्याने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, ससा आत नाही म्हणजे मिळवली.

नवरा त्याच इस्पितळात औषधं बनवायचा आणि द्यायचा. तिच्या तोंडी तो अहो, म्हणून आत्याही त्याला अहोच म्हणायची, आणि हळूहळू इस्पितळातल्या परिचारिकाही गंमतीने तसंच म्हणू लागल्या. या कामात त्याची गरज पडली, ती अशी. काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना पत्ता लागला होता की माणसाच्या मेंदूत अफूसारखं एक द्रव्य आपलं आपणच तयार होतं आणि वेदना दाबतं. अफूचा अंमल जास्त झालेल्या रोग्याला जो उतारा टोचतात, तो या घरच्या अफूलाही उतरवतो. काबाईने विचार केला, सुईने आराम पडलेल्या माणसाला हा उतारा दिला आणि आराम उडाला, तर सुईने शरीरातलीच अफू सोडवली असं म्हणता येईल. नुसतं मिठाचं पाणी टोचून काही होता कामा नये. कुपीत उतारा की पाणी, हे फक्त अहोंना ठाऊक. शिवाय निम्म्या रोग्यांना टाचणीबुवांनी खऱ्या जागी टोचायचं, निम्म्यांना मुद्दाम भलत्याच जागी, वरवर. ते फक्त टाचणीबुवांना ठाऊक. विचारणाऱ्या काबाईला दोन्हीतलं काही ठाऊक नाही, आणि रोग्याला तर नाहीच नाही.

रोग्यांत आत्या होती.

आत्या म्हणजे काबाईच्या वडिलांची बहीण. काबाईची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानेच तिला वाढवलं, आणि तेही खुर्च्या विणता विणता. वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणणं हा तिचा धंदा. दर्शनी खोलीत बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत असायच्या, भिंतीला उघड्याबोडक्या खुर्च्यांच्या उतरंडी लागलेल्या असायच्या, आणि मध्ये ठेंगण्या स्टुलावर आत्या. पट्टी भोकातून घ्यायची, अंगठ्याने दाबून ओढायची, खुंटी ठोकायची. आयुष्यभर ओढून ओढून तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजून गाठीसारखं झालं होतं. पट्टी ओढली की तिथून निघालेली कळ थेट कोपरात जायची. अंगठ्याला चिंधी आवळून ती काम रेटत होती, पण दिवसाला अर्धी बैठकही होईना. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा कायमचा बांधून टाकू. मग अंगठा वाकणार नाही, कळही येणार नाही. विणणं मात्र संपलं. आत्याने त्यांना विचारलं की मग त्या अंगठ्याचं करायचं काय, कुणाला दाखवायचा?

काबाईला पक्कं ठाऊक होतं, हात थांबला की ही बाई बसल्या जागी वाळून जाईल. म्हणून तिनेच आत्याला रोग्यांत घातलं. चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठे टोचायचं ते ठरणार होतं, त्यामुळे घरच्या माणसाचा पक्षपात व्हायचा प्रश्न नव्हता. आत्या कां-कूं करत तयार झाली. अंगात शिरलेला गार वारा सुईने बाहेर पडतो, असं तिचं मत होतं, आणि त्यावर ती कुणाचं ऐकायला तयार नव्हती.

पहिली फेरी झाली. काबाई प्रत्येकाला विचारायची, "दुखणं कमी झालं का?" उतारा किंवा पाणी टोचल्यावर विचारायची, "दुखणं परत वाढलं का?" एका परदेशी लेखातले प्रश्न तिने नीटनेटके मराठीत आणले होते. खांदा धरलेला ट्रकचालक म्हणाला, दुखणं आहेच. मान आखडलेली शिक्षिका म्हणाली, दुखणं काय असं जातं होय. आत्या म्हणाली, आहे तसं आहे. एकूण एक माणूस हेच. खरी जागा असो की खोटी, उतारा असो की पाणी, कागदावर सगळं सपाट.

मोठ्या सरांनी कागद पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. महिना संपला की खोली रिकामी करा, असं त्यांनी टाचणीबुवांना जाता जाता सांगितलं. टाचणीबुवांनी मान हलवली, आणि सुया उकळायला ठेवल्या.

काबाई घरी आली ती पाय ओढत. दारात एक चप्पल काढली आणि दुसरी पायात तशीच राहिली. आत्या विणत होती. चांगली सपासप, गुणगुणत. अंगठ्याला चिंधी नव्हती.

"आत्या, चिंधी कुठाय?"

"असेल कुठेतरी. लागत नाही आता."

"लागत नाही म्हणजे? तू तर मला सांगितलंस, दुखणं आहे तसं आहे."

"आहेच की. हे बघ." आत्याने सुजलेला अंगठा तिच्या नाकापुढे नाचवला. "हे दुखणं. हे जायचं तर अंगठाच तोडायला हवा. कळ गेलीय."

"मग तसं का नाही सांगितलंस?"

"तू कळ विचारलीस कुठे? दुखणं विचारलंस, मी दुखणं सांगितलं. एवढी शिकलेली बाई, म्हटलं विचारत असेल काही समजून."

कोपऱ्यात चहा पिणाऱ्या अहोंना ठसका लागला. काबाई मटकन खुर्चीवर बसली.

"ऊठ, ती अर्धी विणलीय," आत्या म्हणाली.

त्या लेखातल्या भाषेत सगळ्या वेदनांना एकच शब्द होता. तो उचलून तिने 'दुखणं' लिहिलं होतं. आणि दुखणं म्हणजे आपल्याकडे आजारच की. माणूस दुखण्यातून उठतो, दुखणं अंगावर काढतो, दुखण्याला कंटाळतो. ट्रकचालकाला तिने विचारलं होतं, तुमचा आजार अर्ध्या तासात गेला का? तो बिचारा खरं तेच बोलला होता. वर आणखी एक गोष्ट काबाईच्या मनात चमकून गेली. ठेच लागते तेव्हा आधी सणकन चमक येते आणि ठणका मागाहून, सावकाश. चमक नेणारे मज्जातंतू जाड आणि वेगवान, ठणका नेणारे बारीक आणि संथ. हे ती फळ्यावर आकृत्या काढून वर्षानुवर्षं शिकवत आली होती. भाषेने त्यांना वेगळी नावं कधीच देऊन ठेवली होती, आणि तिने मात्र दोघांची एकच मोट बांधली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या सरांपुढे चूक कबूल करून पुन्हा एक फेरी मागितली. आठवडाभर ती वॉर्डावॉर्डांतून शब्द गोळा करत हिंडली. कळ, ठणका, चमक, सणक, ठसठस, चुरचुर, आग, जडपणा. लोक खुशीत येऊन सांगत. आपल्या दुखण्याची इतकी बारकाईने चौकशी कुणी केली नव्हती. मोठे सर आधी तिरसटपणे म्हणाले की हा काय शब्दकोश चाललाय. मग काबाई दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली.

"पाठीत भरून येतं, ते कशात धरणार?"

"कुणाच्या पाठीत, सर?"

"असंच विचारतोय. एखाद्याच्या."

ती फेरी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आत्याचा नंबर लागला. पडद्याआड टाचणीबुवांनी सुया घातल्या. मग काबाई आत गेली. कळ? नाही. ठणका? उतरलाय. गाठीवर दाबलं तर चमक? आहे, आणि आहे हे ठाऊक असताना दाबतेस कशाला, असं आत्या म्हणाली. मग अहोंनी भरून ठेवलेल्या कुपीत जे होतं ते काबाईने तिच्या दंडात टोचलं आणि शेजारी स्टुलावर बसून राहिली. आत्या शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. सांगता सांगता थांबली. हात तिने छातीशी ओढून घेतला.

"आली," ती म्हणाली. "काय टोचलंस तू मला?"

"काय आली?"

"कळ. कोपरापर्यंत. जशीच्या तशी." आणि मग काबाईकडे बघून, "हसतेस काय मेले?"

काबाई हसत होती खरी. म्हाताऱ्या बाईच्या दंडात काही थेंब गेले आणि हरवलेली कळ वाट शोधत परत आली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मधले दिवस ती कळ कुणीतरी आतून दाबून धरली होती. तो आनंद तिच्या तोंडावर पसरला होता, आणि आत्याचं कपाळ घामेजलं होतं. तिने आत्याचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि उताऱ्याचा अंमल ओसरेपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी आत्या पुन्हा स्टुलावर होती, पण त्या रात्री तिने काबाईला वाढलं नाही. अहोंनी ताटातून नजर वर केली नाही, कारण कुपीत काय होतं ते त्यांना ठाऊक होतं आणि बायको समोर बसली होती.

सगळ्यांची फेरी संपल्यावर मोठ्या सरांच्या खोलीत उलगडा झाला. टाचणीबुवांनी जागा सांगितल्या, अहोंनी कुप्या. खऱ्या जागी टोचलेल्यांतल्या बऱ्याच जणांची कळ आणि ठणका उतरला होता. त्यातल्या ज्यांना उतारा मिळाला, त्यांच्यातल्या बहुतेकांची कळ आणि ठणका परत आला. पाणीवाल्यांना काही झालं नाही. दाबल्यावरची चमक कुणाचीच हलली नव्हती. इथवर काबाईला वाटलं होतं तसंच झालं. पण खोट्या जागी टोचलेल्यांतही काही जणांना आराम पडला होता. थोड्यांना, पण पडला होता. आणि त्यांचाही आराम उताऱ्याने उडाला होता.

"आत्याबाई त्यांच्यातल्याच," टाचणीबुवा हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही फेऱ्यांत त्यांची चिठ्ठी खोट्या जागांची निघाली."

मोठे सर मागे रेलले.

"म्हणजे विश्वास. मी म्हणत होतोच."

"सर, नुसता विश्वास औषधाच्या कुपीने कसा उतरेल?" ती म्हणाली. बोलता बोलताच तिला सुचत गेलं. "विश्वास ठेवला तरी वेदना दाबायला शरीराला तीच अफू काढावी लागते. सुई एका दाराने आत जाते, विश्वास दुसऱ्या. कोठी एकच. शिवाय भलत्या जागी टोचलं, तरी टोचलं तर आहेच. तिथलेही मज्जातंतू जागे होणारच. सुईचं किती आणि विश्वासाचं किती, ते मला अजून वेगळं करता येत नाही."

"एका ओळीत सांगा."

"ओळ एकच आहे, सर. पण तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

मोठ्या सरांनी कागद आपल्याकडे ओढून घेतले. मग म्हणाले, तूर्त खोली राहू दे.

टाचणीबुवांचं निभावलं. काबाईचं खरं संकट घरी होतं. आत्याची कळ विश्वासाने दाबली गेली असेल, तर सुया खोट्या होत्या हे सांगितल्यावर ती परत येणार नाही कशावरून? रस्ताभर अहो तिला समजावत आले, अगं, चाललंय ना चांगलं, मग कशाला काडी घालतेस. सांगू नये असं तिलाही वाटत होतं. आणि सांगितलं तर काय होईल हे बघायची ओढही तिच्या मनात होती, हे तिला ठाऊक होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. ती गप्प बसायचं ठरवून घरात शिरली. आत्याने पट्टी ओढता ओढता मानही वर न करता विचारलं,

"उघडलं ना आज सगळं? माझ्या सुया कुठल्या होत्या?"

जिच्यापुढे तिने जन्मभर 'का' विचारलं आणि जिने वैतागून का होईना, प्रत्येक वेळी खरं तेच उत्तर दिलं, तिच्याशी खोटं बोलायला काबाईची जीभ उचलेना.

"खोट्या जागांच्या," ती म्हणाली.

हातातली पट्टी आत्याने परत बादलीत सोडली आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगठ्याला चिंधी होती.

ते दिवस काबाईला फार जड गेले. दर्शनी खोलीत बादलीतलं पाणी गढूळ झालं, खुर्च्यांचे मालक येऊन चौकशी करून गेले. कळ आली का, हे विचारायची तिला सोय नव्हती. ते दिसतच होतं. आत्याचा राग मात्र भलत्याच गोष्टीवर होता, हे तिला मागाहून समजलं. खोटं टोचलं त्याचं आत्याला एवढं काही नव्हतं. टोचताना तो एरवी अबोल टाचणीबुवा तोंडावरची रेषही हलू न देता तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता, हे तिला लागलं होतं.

एक दिवस कुणाला न सांगता आत्या इस्पितळात गेली. टाचणीबुवांच्या समोर बसून म्हणाली, "आता खऱ्या जागी टोचा. आणि पडदा नको, मी बघणार."

टाचणीबुवांनी जागा दाखवल्या. सुई फिरवली, कातडी तंबूसारखी उचलली ती दाखवली. आत्याने काबाईच्याच पद्धतीने चौकशी केली, इथे का, तिथे का नाही. टाचणीबुवांना सगळ्याची उत्तरं येत नव्हती आणि तसं त्यांनी सांगितलं. कळ त्या दिवशी निम्मी गेली. आत्या पुन्हा गेली, मग आणखी एकदा. आणि मग तिने एक नवीनच टूम काढली.

"आज न सांगता टोचा," ती म्हणाली. "खऱ्या का खोट्या, मी ओळखते."

काबाईच्या कानावर हे आलं, तेव्हा ती धावतच खाली गेली. आत्या डोळे मिटून बसली होती, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा. तिने खऱ्या म्हटलं, त्या खोट्या निघाल्या. पुढच्या खेपेला उलट झालं. मग एकदा बरोबर आलं तेव्हा तिने टाचणीबुवांना टाळी दिली. तिला एकदाही खात्रीने ओळखता आलं नाही, आणि कळ मात्र दोन्ही प्रकारांनी, थोडीफार इकडेतिकडे, दबत राहिली. चिंधी सुटली.

"तू म्हणतेस ते द्रव्य माझ्याच डोक्यातून येतं ना?" एका संध्याकाळी विणताना तिने काबाईला विचारलं.

"हो."

"मग त्या टाचणीबुवाचं एवढं कौतुक कशाला? माल माझा, तो नुसता दार वाजवतो." आणि खुंटी ठोकून म्हणाली, "वारा बाहेर पडतो, तो वेगळा."

आत्या पुढे पुष्कळ वर्षं विणत राहिली. शेवटी तो सांधा आपला आपणच आखडून गेला, जसा हाडांचे डॉक्टर बांधणार होते तसा. तोवर ती पट्टी दोन बोटांत धरून ओढायला शिकली होती. ती गेली ती हिवाळ्यातल्या एका दुपारी, जेवून आडवी झाली असताना. टाचणीबुवांना वरच्या मजल्यावर खिडकीवाली खोली मिळाली. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी आपणहून सुया खाली ठेवल्या आणि ते मुलीकडे राहायला गेले. मोठे सर निवृत्तीनंतर भाषणं देत फिरले. दुखणं आणि कळ यांतला फरक प्रथम आपल्याच लक्षात आला, असं ते सांगत, आणि इतक्या मनापासून सांगत की काबाईने कधी दुरुस्ती केली नाही.

काबाईचा लेख परदेशी नियतकालिकाने परत पाठवला, कारण एका वेदनेला इतके शब्द कशाला, हे त्यांना समजेना. तो इथल्याच एका लहानशा अंकात छापून आला आणि फार कुणी वाचला नाही. वीस-बावीस वर्षांनी दूरच्या देशातल्या कुणी चांगल्या यंत्रांनी सुईभोवती गुंडाळलेले तंतू पाहिले आणि त्यावर पुष्कळ लिहिलं. काबाईने ते सगळं मागवून घेतलं आणि रिळासारखी चित्रं बघत आठवडाभर खुशीत होती. सुईचं किती आणि विश्वासाचं किती, याची वाटणी अजून कुणी नीट करून दिलेली नाही. अहोंना आता कमी ऐकू येतं. गुडघा धरून ते उठतात तेव्हा ती त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारते, ठणका की चमक, आणि ते दर वेळी आधी नीट विचार करून मगच सांगतात.